शेटलंडची 'हॅप' : बाळाच्या दुपट्यामागचा श्रमांचा इतिहास

१/
बाळंतविड्यात झबले, टोपडे आणि कुंची यांच्या जोडीला लोकरीचे विणलेले दुपटे हमखास असते. ते विणायला घेणाऱ्यापुढे दोन प्रश्न उभे राहतात : लोकर कोणती घ्यावी आणि नमुना कोणता निवडावा? जाणती माणसे सहसा सांगतात, "लोकर मऊ घे, फार जाड नको, आणि सगळ्या ओळी सुलट विण." सल्ला साधा वाटतो. पण या साधेपणाला इतिहास आहे. त्यात समुद्र आहे, सावकारी आहे आणि एक सरकारी चौकशीही आहे. आजचा धागा त्या इतिहासाविषयी.

२/
यासाठी आपल्याला स्कॉटलंडच्या मुख्य भूमीच्याही उत्तरेला, साधारण ६० अक्षांशावर असलेल्या शेटलंड बेटांवर जावे लागेल. १४६९ पर्यंत ही बेटे नॉर्वेच्या राजमुकुटाखाली होती. डेन्मार्क-नॉर्वेचा राजा पहिला ख्रिश्चन याने आपल्या मुलीच्या हुंड्यापोटी ती स्कॉटलंडच्या राजाकडे गहाण ठेवली आणि ती पुन्हा कधीच सोडवली गेली नाहीत. झाडे जवळजवळ नाहीत, वारा अखंड आणि जमीन नापीक. अशा भूमीवर दोनच गोष्टींनी संसार तगवले : समुद्रातील मासा आणि अंगाने लहान, चणीने काटक अशी मेंढी.

३/
शेटलंडची मेंढी उन्हाळ्याच्या तोंडाशी आपली लोकर आपणहून सैल सोडू लागते. त्यामुळे पूर्वी तेथे कातरी न लावता लोकर हातानेच हलके उपटून घेत. या कामाला 'रूइंग' असे नाव होते. एकाच मेंढीच्या अंगावर लोकरीचे निरनिराळे प्रकार मिळत. मानेवरची सर्वांत तलम, पाठीवरची मध्यम, मागच्या पायांकडची भरड. रंगही निसर्गदत्त : पांढरा, करडा, काळसर आणि 'मूरिट' नावाचा तांबूस तपकिरी. लोकर निवडण्याचे काम तेथे दुकानात होत नसे. ते मेंढीच्या अंगावर हात फिरवतानाच सुरू होई. मानेची लोकर तलम जाळीच्या शालीसाठी, पाठीची अंगावरच्या कपड्यांसाठी, ही वाटणी विणणाऱ्या स्त्रीच्या बोटांना ठाऊक असे.

४/
हे विणकाम किती जुने? १९५१ मध्ये गनिस्टर या ठिकाणी जळणासाठी पीट, म्हणजे दलदलीत साचलेली वनस्पतिजन्य माती, कापताना माणसांना एक जुने दफन सापडले. देह जवळजवळ नाहीसा झाला होता. पण पीटमध्ये लोकर टिकून राहते, म्हणून कपडे शाबूत होते. त्यांत विणलेल्या टोप्या, हातमोजे, लांब पायमोजे आणि विणलेली छोटी थैली होती. थैलीत तीन नाणी निघाली. त्यांतले सर्वांत अलीकडचे नाणे १६९० चे होते. त्या अनाम प्रवाशाचे नाव आपल्याला कधी कळणार नाही. परंतु सतराव्या शतकाच्या अखेरीस या बेटांवर विणकाम रोजच्या वापरात किती मुरले होते, हे त्याच्या कपड्यांनी सांगितले.

५/
त्या काळी हेरिंग मासेमारीसाठी येणारे डच खलाशी शेटलंडच्या किनाऱ्यावर बायकांकडून मोजे विकत घेत. पुढे यंत्रावर विणलेल्या स्वस्त मोज्यांनी हा व्यापार मोडकळीस आणला. एकोणिसाव्या शतकात बेटांनी नवा मार्ग शोधला : तलम जाळीदार शाली. १८३७ च्या सुमारास आर्थर अँडरसन या शेटलंडच्या सुपुत्राने राणी व्हिक्टोरियाला तेथील तलम मोजे भेट दिले आणि बेटांच्या मालाचा बोलबाला झाला. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात शेटलंडच्या शाली मांडल्या गेल्या. हा अँडरसन म्हणजे पी अँड ओ या आगबोट कंपनीचा एक संस्थापक. पुढे १८५० च्या दशकात मुंबईची विलायती टपाल वाहणारी कंपनी तीच.

६/
या शालींतील सर्वांत नावाजलेली 'वेडिंग रिंग' शाल. जवळजवळ दोन मीटर लांबी-रुंदीची असूनही ती बोटातल्या अंगठीतून सहज ओवून बाहेर काढता येई. वजन शंभर ग्रॅमहूनही कमी. उन्स्ट हे बेट अशा कामासाठी ख्यातनाम होते. एका शालीमागे महिनोन्‌महिने जात. ती शाल कोणाच्या खांद्यावर जाई? लंडन-एडिनबराच्या श्रीमंत घरांतील स्त्रियांच्या. मग ती विणणारीच्या स्वतःच्या बाळाच्या अंगावर काय असे? याचे उत्तर म्हणजे 'हॅप'.

७/
स्कॉट्स भाषेत 'हॅप' म्हणजे लपेटणे, पांघरूण घालणे. हॅप ही रोजच्या वापराची जाडसर चौकोनी शाल. बायका ती खांद्यावर घेऊन पाठीमागे गाठ मारत. तीच बाळाला गुंडाळण्यासाठी वापरत. रचना अगदी नेटकी : मध्ये सर्व ओळी सुलट विणलेला साधा चौकोन, भोवती लाटांसारख्या नक्षीचा रुंद काठ आणि शेवटी बारीक दातेरी किनार. काठात मेंढीच्या नैसर्गिक रंगांचे पट्टे, गडद ते फिकट असे. हॅप बाजारातही विकल्या जात. परंतु घरातल्या माणसांसाठी जे विणले जाई, त्यात तिचे स्थान पहिले होते.

८/
मधला चौकोन सुलट ओळींचाच का? सर्व ओळी सुलट विणल्या की कापड दोन्ही बाजूंनी सारखे दिसते, कडा गुंडाळत नाहीत आणि उंचसखल वळ्यांमध्ये हवा अडकून राहिल्याने ऊब वाढते. शिवाय नजर सुईवर नसली तरी हात चुकत नाहीत. हा शेवटचा मुद्दा निर्णायक होता. शेटलंडच्या स्त्रिया कमरेला चामड्याचा, घोड्याच्या केसांनी भरलेला आणि भोके पाडलेला पट्टा बांधत. उजवी सुई त्या भोकात रोवली की एक हात मोकळा होई. पाठीवर पीटने भरलेली टोपली आणि चालता चालता हातांत विणकाम, अशी त्यांची छायाचित्रे आजही उपलब्ध आहेत. ती पाहताना गंमत वाटते. पण विश्रांतीसाठी वेळच नव्हता, हा त्यांचा खरा अर्थ आहे.

९/
आता या कथेतील कठोर भाग. शेटलंडमध्ये विणकामाचा मोबदला रोख मिळत नसे. व्यापारी शाल घेई आणि तिच्या किमतीइतका चहा, कापड किंवा दुकानातील अन्य माल देई. या पद्धतीला 'ट्रक' म्हणत. कधी मालाऐवजी चिठ्ठी मिळे, जी त्याच दुकानात वटवावी लागे. मच्छीमारांची स्थितीही वेगळी नव्हती. अनेकांना आपला मासा जमीनदाराला किंवा त्याच्या व्यापाऱ्यालाच विकावा लागे, नाहीतर घर-जमीन सोडण्याची वेळ येई. आपल्याकडील सावकाराच्या खातेवहीचा इतिहास ज्यांनी वाचला आहे, त्यांना ही साखळी अपरिचित वाटणार नाही.

१०/
१८७० मध्ये ब्रिटिश संसदेच्या कायद्याने या पद्धतीच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला. शेटलंडची चौकशी विल्यम गथ्री यांच्याकडे आली. जानेवारी १८७२ मध्ये लर्विक येथे साक्षी सुरू झाल्या आणि त्या प्रश्नोत्तरांच्या रूपात जशाच्या तशा छापल्या गेल्या. इतिहासाच्या अभ्यासकासाठी हा ऐवज मोलाचा आहे. ज्या स्त्रियांचा उल्लेख एरवी कोणत्याही दप्तरात झाला नसता, त्या येथे आपल्या नावानिशी, आपल्या शब्दांत बोलतात. शालीच्या बदल्यात मिळालेला चहा शेजाऱ्यापाजाऱ्यांना देऊन पीठ-बटाटे मिळवावे लागत, हे त्या सांगतात. आणखी एक गोष्ट त्यांच्या साक्षींतून पुढे येते : विणलेल्या मालाचे पैसे मिळत नसत, परंतु दुकानातील कातलेली लोकर मात्र रोखीचा जिन्नस समजली जाई.

११/
हे वाक्य पुन्हा वाचावे. शाल देऊन चहा मिळे. पण पुढच्या शालीसाठी लोकर हवी असेल तर रोकड लागे. जिच्याकडे स्वतःची मेंढी होती, ती स्वतः सूत कातू शके आणि थोडीबहुत स्वतंत्र राहू शके. जिच्याकडे नव्हती, ती व्यापाऱ्याच्या लोकरीवर त्याच्याच साठी विणे. म्हणजे 'लोकर कोणती घ्यावी' हा प्रश्न तेथे आवडीचा नव्हता; तो मालकीचा होता.

१२/
पुरुष कुठे होते? उन्हाळ्यात ते सहा वल्ह्यांच्या उघड्या होड्यांतून खोल समुद्रात जात. जुलै १८८१ मध्ये अवचित उठलेल्या वादळात दहा होड्या बुडाल्या आणि ५८ मच्छीमार मृत्युमुखी पडले. येल बेटावरील ग्लूप या गावाच्या नावाने ही दुर्घटना ओळखली जाते. बोटींवर नोकरीला गेलेले, देशांतराला गेलेले आणि समुद्राने गिळलेले पुरुष यांमुळे बेटांवर स्त्रियांची संख्या पुरुषांहून बरीच अधिक असे. कित्येक घरांत सुया हेच उपजीविकेचे साधन उरले होते. ज्या हातांनी दिवसा दुसऱ्यांसाठी जाळी विणली, त्याच हातांनी रात्री चुलीच्या उजेडात घरच्या बाळासाठी हॅप विणायची. तिचा मधला भाग सोपाच असायला हवा होता.

१३/
१८८७ च्या सुधारित कायद्याने मजुरीऐवजी माल देण्यावर निर्बंध अधिक कडक केले. परंतु कायद्याने रूढी लगेच मोडत नाही. शेटलंडच्या विणकामात मालाच्या मोबदल्याची पद्धत विसाव्या शतकातही रेंगाळत राहिली. म्हणून संग्रहालयातील तलम शालीपुढे उभे राहून केवळ कौशल्याचे कौतुक करणे हे अर्धेच आकलन ठरेल. तलम शाल बाजाराच्या मागणीतून घडली. हॅप घराच्या गरजेतून. पहिली आज काचेमागे आहे. दुसरी वापरून वापरून झिजली, उसवली गेली, तिची लोकर पुन्हा कामाला आली. इतिहासात श्रीमंतांच्या वस्तू अधिक टिकतात आणि गरिबांच्या पद्धती.

१४/
ही पद्धत बेटांबाहेर कशी पोहोचली? छापील पुस्तकांनी यात मोठा वाटा उचलला. एडिनबरात दुकान चालवणाऱ्या जेन गॉगेन यांचे विणकामाचे पुस्तक १८४० मध्ये आले; लंडनच्या फ्रान्सेस लँबर्ट यांचे १८४३ मध्ये. पिढ्यान्‌पिढ्या हातातून हातात गेलेले ज्ञान आता टाक्यांच्या संक्षेपांत आणि ओळींच्या क्रमांकांत बसू लागले. सुईच्या जाडीचे मापही ठरू लागले. इंग्रजी सुयांचे क्रमांक तार ओढण्याच्या मापावरून आले : तार जितकी अधिक ओढावी तितकी ती बारीक, म्हणून क्रमांक मोठा तर सुई बारीक. आपल्या लोकरीच्या दुकानात आजही '८ नंबरची सुई' मागितली की ४ मिलिमीटरची मिळते आणि '१२ नंबर' मागितली की तिच्याहून बारीक. इंग्लंडमध्येही आता मिलिमीटर रुळले. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकातील तारेचे माप अद्याप व्यवहारात आहे.

१५/
आता या इतिहासाच्या उजेडात आपले पहिले उत्तर शोधू : लोकर कोणती? शेटलंडच्या स्त्रीची कसोटी मानेच्या लोकरीची होती. आजचे विज्ञान तेच मायक्रॉनमध्ये सांगते. लोकरीचा तंतू साधारण ३० मायक्रॉनहून जाड असला की त्याची टोके त्वचेला टोचतात. म्हणून बाळासाठी मेरिनोसारखी तलम लोकर योग्य. लडी हातात घेऊन भागत नाही. ती गालाला किंवा गळ्याजवळ लावून पाहावी, कारण तळहाताची त्वचा राठ असते. पिळाचाही विचार करावा. एकेरी, सैल पिळाच्या सुताला लवकर गोळे येतात. दोन किंवा अधिक पदरांचे, घट्ट पिळाचे सूत टिकते. केसाळ, फुलवलेले सूत टाळावे. त्याचे तंतू बाळाच्या तोंडात जातात.

१६/
आपल्या दुकानांत 'लोकर' म्हणून जे मिळते, ते पुष्कळदा ॲक्रिलिक असते. या कृत्रिम तंतूचे मोठे व्यापारी उत्पादन १९५० मध्ये अमेरिकेत 'ऑर्लॉन' या नावाने सुरू झाले. तो स्वस्त, धुण्यास सोपा आणि कसर न लागणारा. दोष असा की त्यात घाम जिरत नाही आणि आगीशी संपर्क आल्यास तो वितळून चिकटतो. खरी लोकर सहजासहजी पेट घेत नाही. कोकणातील किंवा मुंबईतील दमट हवेत सुती सूत अधिक सोयीचे. आपल्या आज्यांनी जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्यांची दुपटी शिवली, ती याच जाणिवेतून. हवामानाला उत्तर देणारे सूत निवडावे, हा नियम शेटलंडचाही आणि आपलाही.

१७/
दुसरे उत्तर : नमुना कोणता? हॅपचा मधला चौकोन कोपऱ्यातून तिरका विणण्याची जुनी रीत नवशिक्यासाठी उत्तम आहे. एका टाक्याने आरंभ करावा. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला धागा सुईवर घ्यावा, म्हणजे एक नवा टाका वाढतो. उरलेली ओळ सुलट विणावी. चौकोनाची बाजू हवी तेवढी झाली की घट सुरू. ओळीच्या सुरुवातीला धागा घ्यावा आणि लगेच दोनदा 'दोन टाक्यांचा एक' करावा. एक वाढला, दोन गेले. प्रत्येक ओळीत एक टाका कमी होतो. यात आधी हिशेब मांडावा लागत नाही. चौकोनासाठी ठेवलेल्या लोकरीचे वजन करावे आणि निम्मी संपली की घट सुरू करावी, एवढे पुरते. कडांना जे लहान फासे उरतात, त्यांतूनच पुढे काठाचे टाके उचलता येतात.

१८/
काठाच्या लाटेला 'ओल्ड शेल' म्हणतात. ओहोटीनंतर वाळूवर उमटणाऱ्या लाटांच्या रेषांशी तिचे साम्य आहे. अठरा टाक्यांचा गट : आधी तीनदा दोन टाक्यांचा एक, मग सहा वेळा 'धागा घेणे आणि एक सुलट', मग पुन्हा तीनदा दोन टाक्यांचा एक. बारा टाक्यांचे सहा झाले, मधल्या सहांचे बारा झाले. बेरीज पुन्हा अठरा. ही नक्षीची ओळ दर चौथ्या ओळीत येते, मधल्या ओळी साध्या. लाट निर्माण होते ती याच दाटी-विरळीतून. ज्यांना शाळेचे दार क्वचित दिसले, त्यांनी हे गणित बोटांवर पेलले होते. पहिल्या प्रयत्नात काठ नको असेल, तर साधा चौकोनही पूर्ण दुपटे ठरतो.

१९/
व्यावहारिक टिपणे. साधारण ८० सेंटिमीटरचा चौकोन बाळाला पुरतो. मध्यम जाडीची लोकर आणि ८ नंबरच्या सुया घेतल्यास सुमारे ३०० ग्रॅम लागते. एकाच रंगघाणीतला एक गुंडा जास्त घ्यावा, कारण पुढच्या घाणीत छटा बदलते. मोठ्या भोकांची जाळी टाळावी, बाळाची बोटे अडकतात. मणी आणि गोंडेही नकोत. खरी लोकर गार पाण्यात, न चोळता धुवावी आणि सपाट पसरून वाळवावी. शेटलंडमध्ये धुतलेली शाल लाकडी चौकटीवर ताणून वाळवत. आणि एक आवश्यक सूचना : पहिल्या वर्षात झोपलेल्या बाळाच्या बिछान्यात कोणतेही सैल पांघरूण ठेवू नये, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे. दुपटे मांडीवर घेताना, बाहेर नेताना, डोळ्यांसमोर असताना वापरावे.

२०/
इतिहास म्हटला की आपण गड, तह आणि वंशावळी आठवतो. परंतु 'सगळ्या ओळी सुलट' हाही एक दस्तऐवज आहे. त्यावर कोणाची स्वाक्षरी नाही. तो थकलेल्या माणसांनी, अपुऱ्या उजेडात, दुसऱ्याचे काम उरकल्यावर स्वतःच्या लेकरासाठी लिहिला. एखादे विणलेले दुपटे हाती आले, तर ते कोणी विणले, लोकर कोठून आणली आणि त्या श्रमांचे मोल तिला काय मिळाले, हे तीन प्रश्न घरातल्या वडीलधाऱ्यांना जरूर विचारा. शेटलंडच्या स्त्रियांना ते विचारण्यासाठी १८७२ मध्ये सरकारी आयोग यावा लागला. आपल्या घरात त्यासाठी फक्त आजीशेजारी बसावे लागते.